ओल परत आणताना

जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत, भारत मंडपममध्ये भरली. ही बैठक भारतात होण्याची ती पहिलीच वेळ. आसाममधल्या चराईदेव इथल्या अहोम राजघराण्याच्या मोइदामांना, म्हणजे दफनटेकड्यांना, त्या बैठकीत वारशाचा मान मिळाला आणि आपल्याकडे साहजिकच तीच बातमी झाली. त्याच बैठकीत स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची एक दलदलही यादीत दाखल झाली. तिचे नाव फ्लो कंट्री. तिथे ना देऊळ आहे, ना किल्ला, ना नजर खिळवणारा कडा. केथनेस आणि सदरलंड या दोन परगण्यांत मिळून सुमारे ४,००० चौरस किलोमीटर पसरलेली ओली, तांबूस-तपकिरी जमीन, तिच्यात काळ्या पाण्याची हजारो डबकी, आणि वर अफाट आभाळ. निव्वळ आपल्या पीटभूमीच्या बळावर जागतिक वारसा ठरलेली ही जगातली पहिली जागा.

या पुस्तकाचा विषय ती दलदल आहे. पण तिच्याहूनही अधिक तिची दुरुस्ती आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहाएक वर्षे या भूमीचे मोठमोठे तुकडे नांगरले गेले, चर खणून त्यांतले पाणी काढून दिले गेले आणि साठ हजार हेक्टरांहून अधिक जागेवर सूचिपर्णी झाडे उभी केली गेली. गेली पंचवीस वर्षे त्यातली काही झाडे तोडून ते चर बुजवण्याचे काम चालू आहे. एवढे सांगितले की आपल्याकडचा वाचक थबकतो. झाडे तोडायची, दलदल वाढवायची, आणि त्याला निसर्गसंवर्धन म्हणायचे? शंका रास्त आहे. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला ती यावीच. ही प्रस्तावना मी त्या शंकेसाठीच लिहितो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ही जमीन पाण्याने घडवलेली आहे. तिचे पाणी काढून घेतले की तिथे लावलेले झाडही तिच्या नाशालाच हातभार लावते, आणि पाणी परत दिले तरच पुढचे सगळे काही शक्य होते.

पीट म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. शाळेत कोळशाच्या धड्यात तो आपल्याला भेटतो, कोळसा होण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणून, आणि परीक्षेनंतर विसरला जातो. उत्तर स्कॉटलंडमध्ये शेवटचे हिमयुग ओसरल्यावर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून, तो साचत आला आहे. पाऊस बारमाही, ऊन कोवळे, हवा गार, उतार मंद. पडलेले पाणी आटत नाही आणि धड वाहूनही जात नाही. अशा जागी जे उगवते त्यात मुख्य आहे स्फॅग्नम नावाचे मॉस, आपण ज्याला ढोबळपणे शेवाळ म्हणू. दिसायला मऊ, कुठे हिरवे, कुठे पिवळे, कुठे डाळिंबासारखे लाल. त्याचे पान भिंगाखाली धरले तर मोठी गंमत दिसते. पानात हिरव्या, जिवंत पेशींचे बारीक जाळे असते आणि त्या जाळ्याच्या प्रत्येक खान्यात एक मोठी, मेलेली, पोकळ पेशी बसवलेली असते. या पोकळ पेशीला भोके असतात. पाणी तिच्यात शिरते आणि तिथेच राहते. स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकते ते या मेलेल्या पेशींच्या जोरावर. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडू लागला तेव्हा स्कॉटलंडच्या माळांवरून हेच मॉस गोळा करून, वाळवून, जखमांवर बांधायला वापरले गेले.

स्फॅग्नम नुसते पाणी धरून बसत नाही. भोवतालचे पाणी ते आम्लयुक्त करते. पोषक द्रव्ये आधीच कमी, त्यात आम्ल, त्यात थंडी. आणि मुख्य म्हणजे प्राणवायूचा अभाव, कारण साचलेल्या पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश खाली झिरपतो. कुजवणारे जीवाणू आणि बुरशी तिथे धड काम करू शकत नाहीत. मॉस वरून वाढत जाते, खालचा भाग मरतो, पण पुरता कुजत नाही. थरावर थर चढत राहतात. लोणच्याच्या बरणीत तेल फोडींच्या वर उभे असले की लोणचे वर्षभर टिकते; तेल खाली गेले की उघड्या पडलेल्या फोडींना बुरा धरतो. पीटमध्ये तेलाचे काम पाणी करते. भूपृष्ठाच्या अगदी लगत, वर्षभर, पाणी उभे असले पाहिजे. ते वीत-दोन वीत खाली गेले तरी वरचा थर कुजू लागतो.

पीट वाढण्याचा वेग वर्षाला सरासरी १ मिलिमीटर. काही ठिकाणी फ्लो कंट्रीतला पीट १० मीटर खोल आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या १२९० साली जे मॉस तिथे हिरवे होते, ते आज ढोबळ हिशेबाने पाऊण मीटर खाली असेल. या सगळ्या थरांत मिळून सुमारे ४० कोटी टन कार्बन आहे, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्या वनांत मिळून जेवढा आहे त्याच्या दुपटीहून जास्त. साऱ्या जगाचा हिशेब केला तरी चित्र वेगळे नाही. पीटभूमी जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहे. पण तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून असलेल्या कार्बनपेक्षा अधिक आहे.

मग अशा जमिनीवर झाडे लावायची बुद्धी कुणाला आणि का झाली? याचे उत्तर वनशास्त्रात कमी आणि कराच्या वहीत जास्त सापडते. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भोगल्यावर ब्रिटनने १९१९ मध्ये वन आयोग स्थापन केला आणि मिळेल तिथे लाकूड उभे करायचे धोरण घेतले. चांगली जमीन शेतीला हवी होती, म्हणून झाडे डोंगराळ, निकस जमिनीकडे ढकलली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर आणि दलदलीत चालतील असे अवजड नांगर आले, आणि तोवर जिथे माणूस जपून पाय टाकत होता तिथे यंत्र जाऊ लागले. तरीही केथनेस-सदरलंडची खोल दलदल बरीच वर्षे वाचली, कारण तिथे झाड लावणे परवडत नव्हते. ते परवडू लागले करसवलतीमुळे. त्या काळच्या नियमांनुसार, भरपूर उत्पन्न असलेल्या माणसाला वनलागवडीचा खर्च आपल्या इतर उत्पन्नातून वजा दाखवता येई. १९८० च्या दशकात उत्पन्नकराचा सर्वांत वरचा दर ६० टक्के होता. लागवडीचा खर्च, त्यावरचे सरकारी अनुदान आणि वाचलेला कर यांची बेरीज केली की झाड वाढो वा न वाढो, ते लावण्यातच फायदा होता. लंडनमध्ये बसून कागदावर सह्या करणारी माणसे शेकडो मैलांवरच्या दलदलीची मालक झाली.

इथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ही भूमी ओसाड आहे, तिथे कोणी राहत नाही, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले आणि आजही प्रवासवर्णनांत लिहिले जाते. पण तिथली खोरी मुळात ओसाड नव्हती, ती ओसाड केली गेली. १८१३ मध्ये याच भागातल्या किल्डोनन खोऱ्यातून कुळांना हुसकावून तिथे मेंढ्या आणल्या गेल्या. आसपासच्या खोऱ्यांतही त्या दशकात हेच झाले. उरलेली कुटुंबे किनाऱ्यालगतच्या तुकड्यांवर जगली, दलदलीच्या कडेने पीट कापून चुलीत जाळत राहिली. आधी मेंढ्यांच्या लोकरीचा हिशेब आला, मग शिकारीचा, मग लाकडाचा. प्रत्येक वेळी हिशेब करणारा दूर होता आणि जमिनीवर चालणाऱ्याला कुणी विचारले नाही.

नांगरट कशी झाली ते आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण ती होती सरी-वरंब्याचीच. मोठा नांगर दलदलीत अर्ध्या मीटरभर खोल सरी काढत जाई आणि निघालेल्या पीटची लगड बाजूला उलटी पडून वरंबा तयार होई. वरंब्याचा माथा थोडा कोरडा, म्हणून रोप तिथे लावायचे. दोन सऱ्यांमध्ये सुमारे दोन मीटर अंतर धरले तर एका हेक्टरात सऱ्यांची लांबी ५ किलोमीटर भरते. या सऱ्या उताराच्या दिशेने काढलेल्या, आणि खाली त्यांचे पाणी गोळा करून ओढ्यात नेणारे आडवे, आणखी खोल चर. आपण डोंगरउतारावर सलग समतल चर खणतो ते पावसाचे पाणी जागच्या जागी थांबावे म्हणून. तिथे खणले ते पाणी एक क्षणही थांबू नये म्हणून. अर्ध्या मीटरच्या त्या सरीने पाचशे वर्षांचा पीट एका फेरीत उघडा पाडला.

झाडे निवडली ती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन. वर फॉस्फेटची खते दिली. कोवळ्या रोपाला चरांनी जागा करून दिली, आणि रोप मोठे झाल्यावर झाडच चराचे काम करू लागले. मुळे पाणी ओढून घेतात. दाट फांद्यांवर पडलेला पाऊस जमिनीपर्यंत पोचण्याआधीच उडून जातो. खालचा पीट वाळतो, आकसतो, त्याला भेगा पडतात, जमीन खचते. पीटभूमी वाळली की किती खचते याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र तिथून फार दक्षिणेला, इंग्लंडच्या सखल फेन भागात उभा आहे. १८५१ मध्ये व्हिटलसी मिअर हे सरोवर उपसले तेव्हा होम इथे एक लोखंडी खांब माथा जमिनीच्या पातळीत येईल असा पीटमध्ये गाडला गेला. आज त्याचा सुमारे ४ मीटर भाग जमिनीच्या वर आहे. खांब हललेला नाही. जमीन खाली गेली आहे. त्यातला बराचसा पीट दबला, आणि बराचसा कुजून हवेत गेला.

इतके करून लाकूड तरी चांगले मिळाले का? बहुतेक जागी नाही. मुळे उथळच राहतात, वारा सोसत नाहीत, झाडे उन्मळून पडतात. १९७० च्या दशकात सदरलंडमधल्या लॉजपोल पाइनवर पाइन ब्यूटी नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी हल्ला चढवला आणि सबंध पट्टे निष्पर्ण केले. आपल्या मूळ ठिकाणी, खनिज मातीतल्या स्कॉट्स पाइनवर हाच पतंग निमूटपणे राहतो. दलदलीत लावलेल्या परक्या झाडांवर तो रोग होऊन पसरला.

पक्ष्यांचे नुकसान सगळ्यांत आधी डोळ्यांत भरले. डनलिन, सोनेरी प्लोव्हर, ग्रीनशँक हे इथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी. ग्रीनशँक आपल्याला उजनी आणि जायकवाडीच्या काठावर हिवाळ्यात भेटतो. स्कॉटलंडचे पक्षी इतक्या लांब येत नाहीत, पण जात एकच. त्यांना मोकळी, नजर पोचेल तिथवर सपाट जागा लागते. झाडांच्या कडेला कावळे आणि कोल्हे दबा धरून असतात, म्हणून डनलिन आणि सोनेरी प्लोव्हर लागवडीच्या काठापासून ७०० मीटरपर्यंतची जागा टाळतात असे पुढे अभ्यासात दिसून आले. म्हणजे हजार हेक्टर लागवडीने नासलेली जागा हजार हेक्टरांहून कितीतरी मोठी असते. सरकारी नकाशावर लागवडीचा चौकोन तेवढाच रंगवलेला असे.

ब्रिटनच्या निसर्गसंवर्धन परिषदेने या साऱ्यावर १९८७ मध्ये ‘बर्ड्स, बॉग्ज अँड फॉरेस्ट्री’ नावाचा अहवाल काढला. परिषदेचे मुख्य शास्त्रज्ञ होते डेरेक रॅटक्लिफ, डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होतात हे दाखवून देणारे तेच. अहवालाने लागवड थांबवा अशी स्पष्ट मागणी केली. तो प्रसिद्ध झाला लंडनमध्ये, आणि हायलँडमध्ये संतापाची लाट उठली. आमच्या जमिनीबद्दल, आमच्या रोजगाराबद्दल लंडनमध्ये बसून कोण ठरवणार? माझ्या मते त्या संतापात तथ्य होते, आणि अहवालातही पूर्ण तथ्य होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि निसर्गसंवर्धनाच्या इतिहासात ते वारंवार तसे असते. मार्च १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती करसवलत काढून घेतली आणि खोल पीटवरची लागवड पाहता पाहता मंदावली. निसर्गसंवर्धन परिषदेचे मात्र पुढच्या तीन वर्षांत तुकडे केले गेले. फ्लो कंट्रीच्या वादाची ती किंमत होती असे अनेकांनी म्हटले आहे.

१९९५ मध्ये रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेने फोर्सिनार्ड इथली जमीन विकत घेतली. इन्व्हरनेसहून उत्तरेला जाणाऱ्या एकेरी रेल्वेमार्गावर, दलदलीच्या मधोमध, फोर्सिनार्डचे छोटेसे स्थानक आहे. त्याच्याच इमारतीत आज माहिती केंद्र चालते. दुरुस्तीच्या कामाची पहिली शाळा हीच.

सुरुवातीला वाटले होते की काम सोपे आहे. झाडे अजून लहान होती, विकण्याजोगी नव्हती. ती कापून सऱ्यांत आडवी टाकायची, मोठे चर अडवायचे, आणि पाऊस पुढचे बघेल. मोठ्या चरांत बांध पडले, त्यांच्या आसपास पाणी चढले, स्फॅग्नम आले. पण वरंबे कोरडेच राहिले. हेक्टरी ५ किलोमीटर सऱ्या तशाच उघड्या होत्या, आणि त्यांच्या तळच्या भेगांतून पाणी बांधाला वळसा घालून निघून जात होते. कापून टाकलेल्या फांद्या कुजून त्यातला फॉस्फरस ओढ्यांत उतरत होता, आणि ओढे पुढे सामन माशांच्या नद्यांना मिळतात. वरंब्यांवर जुन्या बियांतून पुन्हा स्प्रूसची रोपे डोके काढू लागली. मग पद्धत बदलली. मोठी झालेली झाडे शक्य तिथे फांद्यांसकट उचलून बाहेर न्यायची. उरलेले खुंट यंत्राने उपटून, उलटे करून, सरीत दाबायचे. वरंबे चेपून सऱ्या भरायच्या, जेणेकरून जमीन पुन्हा सपाट होईल. आणि मोठ्या चरांप्रमाणे प्रत्येक सरीतही ठरावीक अंतरावर बांध घालायचे.

तो एक बांध कसा घालतात ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. यंत्र म्हणजे आपण ज्याला पोकलेन म्हणतो तेच, पण त्याचे पट्टे जास्त रुंद असतात. वजन पसरले नाही तर यंत्र रुतते, आणि रुतलेले यंत्र काढताना जमिनीची जी नासाडी होते ती चरापेक्षा वाईट. अगदी मऊ जागी चालक ओंडक्यांची जाळी पुढे टाकतो, तिच्यावर चढतो, मागची उचलून पुन्हा पुढे टाकतो. बांधाच्या जागी तो आधी मॉस आणि गवतासकट वरची साय उचलतो आणि बाजूला, तोंड वर करून ठेवतो. मग चराच्या दोन्ही कडा आणि तळ खरवडून वाळका, भेगाळलेला पीट काढून टाकतो. कोरडा पीट कोरड्या पीटला चिकटत नाही; तिथून पाणी हमखास वाट काढते. खाली ओला, काळा, बोटांत दाबला तर पिळून निघणारा पीट लागेपर्यंत तो खणतो. तसलाच ओला पीट चराच्या वरच्या अंगाला एक उथळ खड्डा करून तिथून घेतो, बकेटच्या पाठीने थापून थापून बसवतो. बांध चराच्या काठांपेक्षा रुंद आणि जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवतो, कारण पुढे तो दबणार हे ठरलेले. शेवटी बाजूला ठेवलेली साय त्यावर अंथरतो. उघडा राहिलेला पीट वाळतो, आणि वाळलेला बांध फुटतो. खड्ड्याचे काठ तासून त्यालाही साय पांघरतो. बांधाच्या दोन्ही खांद्यांवरून जादा पाणी आजूबाजूच्या जमिनीवर पसरावे, पुन्हा चरात उतरू नये, याकडे त्याचे लक्ष असते. खालच्या बांधाचे पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकले की अंतर बरोबर. उतार जास्त असेल तर बांध जवळ जवळ. चर फार खोल गेलेला असेल, खाली खडक उघडा पडला असेल, तर नुसत्या पीटने भागत नाही. तिथे लाकडाचे किंवा एकमेकांत अडकणारे नालीदार प्लास्टिकचे पत्रे ठोकतात. हे असे एकामागून एक, हजारो वेळा. यात कौशल्य चालकाच्या हातात असते आणि चांगला चालक शोधावा लागतो, हे या क्षेत्रातला प्रत्येक माणूस सांगेल.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. फ्लो कंट्रीत त्यातला पहिला अर्धाच लागू पडतो. तिथे पाणी जिरवायचे नाही. वरच ठेवायचे आहे. म्हणून कामाची मोजणी बांधांच्या संख्येवर संपत नाही. जमिनीत भोके पाडलेल्या नळ्या उभ्या रोवतात आणि त्यांच्यात पाणी किती खोलीवर आहे ते वर्षानुवर्षे नोंदवत राहतात. अवघड ऋतू उन्हाळा. पावसाळी दिवसांत कुठलीही जमीन ओली असते. कोरड्या आठवड्यांत नळीतले पाणी किती उतरते, यावर बांध लागू पडला की नाही ते कळते.

आणि निकाल? तो आहे, पण सावकाश आहे. फोर्सिनार्ड परिसरात वायूंच्या देवाणघेवाणीची मोजमापे झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. झाडे तोडून सुमारे दहा वर्षे झालेली जागा अजूनही कार्बन डायऑक्साइड सोडत होती. सुमारे सोळा वर्षे झालेली जागा तो शोषू लागली होती, जवळच्या कधीही न नांगरलेल्या दलदलीइतका नसला तरी. माझ्या दृष्टीने या विषयातली ही सर्वांत मोलाची नोंद. दुरुस्ती होते याचा पुरावा तिच्यात आहे, आणि ती निवडणुकीच्या किंवा अनुदानाच्या मुदतीत होत नाही याचाही. शिवाय ओल परतली की मिथेनही वाढतो, हे लपवण्यासारखे नाही. मिथेन तीव्र वायू आहे. मात्र तो हवेत दहा-बारा वर्षेच टिकतो, आणि वाळलेल्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके साचत राहतो. म्हणून ओल परत आणायला जितका उशीर, तितका तोटा जास्त.

उशिराचा आणखी एक धोका मे २०१९ मध्ये दिसला. फ्लो कंट्रीत वणवा लागला आणि सहा दिवस जळत राहिला. पन्नासहून अधिक चौरस किलोमीटर जमीन त्यात होरपळली. ओल्या स्फॅग्नमवरून आग वरवर निघून जाते. वाळलेला पीट मात्र स्वतःच इंधन असतो, खालून धुमसत राहतो. याचे भयंकर रूप जगाने इंडोनेशियात पाहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारने कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टर पीटभूमीवर भातशेती करायची योजना आखली आणि हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आला नाही. १९९७ च्या कोरड्या वर्षी पीट पेटला आणि त्याच्या धुराने शेजारच्या देशांचे आकाश झाकले. आता तिथेही कालव्यांत बांध घालण्याचे काम चालते. 

आता आपल्या वाचकाच्या शंकेकडे परत येऊ. भारतात पीट मोठ्या प्रमाणावर नाही, पण अगदीच नाही असेही नाही. नीलगिरीच्या माथ्यावर, शोला आणि गवताळ कुरणांच्या मधल्या खोलगट जागांत, पीटचे थर आहेत. सांडीनल्लाच्या खोऱ्यातल्या थरांवरून शास्त्रज्ञांनी गेल्या सुमारे ४०,००० वर्षांतल्या मोसमी पावसाचे चढउतार वाचले. त्याच कुरणांवर निलगिरी आणि वॅटलची लागवड झाली, आणि कारण तेच होते, की इथे नुसते गवत आहे, म्हणजे जागा मोकळी आहे. महाराष्ट्रात पीट नसला तरी माळरान आहे. माळढोक, तणमोर, लांडगा यांना जो मोकळा माळ लागतो, तिथे गिरिपुष्पाच्या रांगा लावणे हेही वनीकरणच गणले गेले. जागा पाहून झाड लावावे, आणि काही जागी लावूच नये, हे सांगायला आपल्याकडे आजही धीर लागतो. कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवे पाहायला आपण रांगा लावतो. तिथला कातळ निकस आणि पाणथळ आहे म्हणूनच त्या किडे खाणाऱ्या वनस्पती तिथे आहेत. त्यांची सख्खी भावंडे फ्लो कंट्रीतल्या डबक्यांच्या काठी, त्याच कारणाने, त्याच पद्धतीने जगतात. कासवर कोणी सुपीक माती पसरून झाडे लावू लागला तर आपण त्याला अडवू. स्कॉटलंडमध्ये तसे झाले तेव्हा अडवणारे कमी पडले, एवढाच फरक.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला मॉसचे जीवशास्त्र मिळेल, जमिनीच्या मालकीचा इतिहास मिळेल, बांधांचे तपशील मिळतील. एक प्रश्न मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुस्तक हाती येईपर्यंत त्यावर निर्णय होत राहणार आहेत. स्कॉटलंडच्या सरकारने २०२० मध्ये दहा वर्षांसाठी २५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली आणि २०३० पर्यंत अडीच लाख हेक्टर पीटभूमी दुरुस्त करायचे लक्ष्य ठेवले. त्याच दशकात १९८० च्या सुमारास लावलेली झाडे तोडणीच्या वयाला आली आहेत. प्रत्येक तुकडा तुटेल तेव्हा मालकाला आणि वनविभागाला ठरवावे लागेल, की तिथे पुन्हा रोपे लावायची, की सऱ्या चेपून पाणी वर आणायचे. लाकडाला बाजार आहे, झाड लावण्याचे लक्ष्यही सरकारचेच आहे, आणि पोकलेनच्या एकेका दिवसाचा खर्च कुणीतरी द्यायचा आहे. पीट किती खोल आहे, भेगा किती पडल्या आहेत, खालच्या नदीत सामन अंडी घालतात का, हे प्रत्येक जागी जाऊन, काठी खुपसून, मोजून ठरते. सध्या तिथली माणसे तेच करत आहेत.